सात वर्षांत दहा मजले

ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावर एस्पिरितू सांतू नावाचं राज्य आहे. तिथल्या निलगिरीच्या लागवडीत वीत-दीड वीत उंचीचं रोप जमिनीत जातं आणि सहा-सात वर्षांनी त्याच जागी 25 ते 30 मीटर उंचीचं झाड उभं असतं. दहा मजली इमारतीएवढं! मग तोडणीयंत्र येतं, झाड कापतं, जागच्या जागी सोलतं, ओंडके पाडतं. त्यांचा लगदा होतो आणि तो जहाजाने जगभर जातो. आपण हात पुसून टाकून देतो त्या टिश्यू पेपरमध्ये या झाडाचा तंतू असण्याची बरीच शक्यता आहे.

वनशास्त्रात झाडांची वाढ मोजण्याचं एक साधं माप आहे: एका हेक्टरवर वर्षाला किती घनमीटर लाकूड तयार झालं? स्वीडन हा लाकडाचा आणि कागदाचा देश; तिथल्या थंड जंगलांत हा आकडा पाचच्या आसपास येतो. ब्राझीलमधल्या निलगिरीच्या लागवडी 35 ते 40 घनमीटरच्या घरात आहेत, आणि चांगली जमीन, चांगला पाऊस मिळाला तर त्याच्याही पुढे जातात. झाडांच्या दुनियेत हा वेग थक्क करणारा आहे.

आणि हे झाड मुळात ब्राझीलचं नाहीच. निलगिरीच्या सातशेहून अधिक प्रजाती आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या ऑस्ट्रेलियाच्या. थोड्या ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या तिमोर, न्यू गिनी अशा बेटांवरच्या. मधे अख्खा प्रशांत महासागर. मग परमुलखात आलेलं झाड मायभूमीपेक्षा वेगाने कसं वाढतं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागलं की किडे, बुरशी, पाणी आणि माणसाची चिकाटी यांची विलक्षण गुंफण समोर येते.

सुरुवात रेल्वेपासून होते. विसाव्या शतकाच्या आरंभी साऊँ पावलू राज्यातली कंपानिया पाउलिस्ता ही रेल्वे कंपनी कॉफीची वाहतूक करत होती. इंजिनांना जळण हवं, रुळांखाली स्लीपर हवेत, आणि भोवतालचं रान तर झपाट्याने ओसरत चाललेलं. कंपनीने एदमुंदू नावारू दि आंद्रादी या तरुण कृषितज्ज्ञावर झाडं लावण्याचं काम सोपवलं. पोर्तुगालमधल्या कोइंब्रा इथे ते शिकून आले होते आणि 1904 साली, अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी जुंदियाई इथे प्रयोग सुरू केले. ब्राझीलची नावाजलेली इमारती झाडं आणि परदेशी निलगिरी त्यांनी शेजारी शेजारी लावली. काही वर्षांतच निलगिरीने बाकी सगळ्यांना मागे टाकलं. आंद्रादी तेवढ्यावर थांबले नाहीत. 1914 मध्ये ते थेट ऑस्ट्रेलियाला गेले आणि जवळपास दीडशे प्रजातींचं बी घेऊन परतले. रिओ क्लारो इथे त्यांनी या प्रजातींचा संग्रह उभा केला आणि निलगिरीला वाहिलेलं एक संग्रहालयही. ते जंगल आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

आता झाडाकडे जवळून पाहू. आपला साग घ्या. मेळघाटात किंवा चंद्रपूरच्या जंगलात उन्हाळ्याच्या तोंडावर साग पानं टाकतो आणि पाऊस येईपर्यंत उघडा उभा राहतो. त्याचे डोळे, म्हणजे नव्या पालवीचे अंकुर, तोवर विश्रांती घेतात. निलगिरीला अशी सक्तीची विश्रांती ठाऊक नाही. तिच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक उघडा डोळा असतो. त्याच्यावर संरक्षक खवल्यांचं आवरण नसतं. ऊब आणि ओल मिळाली की तो लगेच फुटतो, त्याची फांदी होते, त्या फांदीवर पानं येतात आणि त्या पानांच्या बेचक्यात पुन्हा नवे डोळे. ओल आणि ऊब बारा महिने टिकली तर झाड बारा महिने वाढतं. ऑस्ट्रेलियात दुष्काळ, वणवा आणि थंडी ही वाढ वारंवार रोखतात. ब्राझीलच्या पावसाळी पट्ट्यात ती रोखायला फारसं काही नसतं.

पानांचीही गंमत आहे. कोवळ्या रोपाची पानं रुंद आणि आडवी, ऊन जास्तीत जास्त झेलणारी. झाड मोठं झालं की पानं लांबट, कोयत्यासारखी वाकडी होतात आणि खाली लोंबू लागतात. दुपारचं कडक ऊन त्यांच्या कडेवरून घसरून खालच्या पानांपर्यंत पोहोचतं. म्हणून निलगिरीच्या बनात भर दुपारी सावली विरळ असते, आणि म्हणूनच वरपासून बऱ्याच खालपर्यंतची पानं कामाला लागलेली असतात.

सगळ्यात मोठं आश्चर्य जमिनीखाली आहे. साऊँ पावलू राज्यात संशोधकांनी निलगिरीच्या लागवडीत खोल छिद्रं घेऊन मुळं कुठवर पोहोचली ते तपासलं. पहिल्या काही वर्षांत झाड ज्या वेगाने आकाशाकडे जातं, जवळपास त्याच वेगाने मुळं खाली उतरतात, असं त्यांना दिसलं. शेंडा दहा मीटरवर गेला तर मुळांचं टोकही त्याच सुमाराच्या खोलीवर. इतक्या खोलवर साठलेली ओल दुसऱ्या कुठल्या रोपाच्या हाती लागत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे पाण्याचा हिशेब मांडताना ती लागणार आहे.

पण हे सगळे गुण झाडाकडे ऑस्ट्रेलियातही होतेच. परदेशात आणखी काय बदललं? बदलले ते शत्रू. ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या पानांवर कोआला आणि पॉसम चरतात, भुंगेरे पानांची चाळण करतात, रस शोषणारे किडे आणि बुरशी कोवळे शेंडे सोडत नाहीत. लाखो वर्षांत या सगळ्यांनी निलगिरीच्या उग्र तेलावर मात करायची युक्ती शोधलेली आहे. मात्र निलगिरी जगभर गेली ती मुख्यतः बियांच्या रूपात. मोहरीहूनही बारीक असं ते बी पुडीत मावतं, आणि त्या पुडीत पानं खाणारा भुंगेरा नसतो. नव्या देशातल्या किड्यांना हे पान अनोळखी, तेल असह्य. जे अन्न मायभूमीत किड्यांच्या पोटात गेलं असतं, ते इथे खोडात गेलं.

किडे किती लाकूड खातात याचा अंदाज आपल्याच देशातल्या एका प्रयोगातून येतो. केरळमधल्या निलंबूर इथे सागाच्या लागवडीला 1840 च्या दशकात सुरुवात झाली. तिथल्या लागवडी जगातल्या सगळ्यात जुन्या साग-लागवडींपैकी आहेत. साग तिथला घरचाच, आणि त्याची पानं फस्त करणारी हायब्लिया नावाची अळीही घरचीच. केरळ वन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काही तरुण झाडं पाच वर्षं या अळीपासून वाचवली, काही तशीच सोडली आणि दोहोंची तुलना केली. अळीमुळे लाकडाची शक्य असलेली वाढ 44 टक्क्यांनी बुडत होती, असं 1985 मध्ये त्यांनी दाखवून दिलं. जवळजवळ निम्मं लाकूड अळीच्या पोटात!

नुसतं शत्रूंपासून सुटून मात्र 40 घनमीटर येत नाहीत. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत लागली. एकाच प्रजातीचं, पण ऑस्ट्रेलियातल्या वेगवेगळ्या नद्यांच्या काठचं बी वेगवेगळं वागतं, हे 1960 च्या दशकापासून अनेक देशांत केलेल्या चाचण्यांनी सिद्ध केलं. बी जिथून आलं तिथला पाऊस आणि जिथे लावायचं तिथला पाऊस जुळला पाहिजे. पोर्तुगालच्या दमट, सौम्य हवेत आणि आपल्या निलगिरी पर्वतावर खुलणारी ब्लू गम ही निलगिरीची प्रजाती उष्ण सखल प्रदेशात रडतखडत वाढते. ऑस्ट्रेलियाची माती फार प्राचीन, स्फुरद धुऊन गेलेली. तिथे काटकसर शिकलेल्या झाडाला लागवडीच्या वेळी थोडं स्फुरद मिळालं की ते लगेच उभारी धरतं.

रिओ क्लारोच्या संग्रहात आणखी एक गोष्ट आपोआप घडली. पूर्व ऑस्ट्रेलियातली ग्रँडिस आणि तिमोरकडची युरोफिला या दोन प्रजाती निसर्गात कधीच भेटत नाहीत. त्यांच्यामध्ये समुद्र आहे. संग्रहात अनेक प्रजाती शेजारी शेजारी होत्या. मधमाश्यांनी परागकण इकडचे तिकडे नेले आणि गोळा केलेलं बी संकरित निघालं. 1970 च्या दशकात एस्पिरितू सांतूमधल्या लागवडींवर खोडाची साल कुजवणारा बुरशीजन्य रोग आला, तेव्हा कुजक्या खोडांच्या रांगांत अधूनमधून काही झाडं ठणठणीत, सरळसोट उभी असलेली दिसली. त्यांत संकरित झाडंही होती. ग्रँडिसचा वेग, युरोफिलाची रोगाशी झुंजण्याची ताकद.

अशा एका उत्तम झाडाच्या हुबेहूब हजारो प्रती कशा करायच्या? बी घ्यावं तर गुण विखुरतात. फांदीचं छाटकलम करावं तर मोठ्या निलगिरीच्या फांदीला मुळं फुटत नाहीत. इथे झाडाचं एक गुपित माणसाच्या कामी आलं. निलगिरी कापली की तिच्या बुंध्यातून नवे फुटवे येतात, आणि हे फुटवे वयाने कोवळे असतात. शेंडा म्हातारा झाला तरी बुंध्यापाशी झाडाचं बाळपण शिल्लक असतं. त्या फुटव्याचा बोटभर तुकडा घ्यायचा, पानाची जोडी अर्धी छाटायची म्हणजे पाणी कमी उडतं, आणि सतत बारीक तुषार पडणाऱ्या शेडमध्ये ठेवायचं. काही आठवड्यांत मुळं फुटतात. ब्राझीलच्या आराक्रूझ कंपनीतल्या तंत्रज्ञांनी ही रीत मोठ्या प्रमाणावर बसवली आणि 1984 मध्ये त्यांना स्वीडनचा मार्कुस वालेनबर्ग पुरस्कार मिळाला. आपल्याकडे तेव्हाच्या आंध्र प्रदेशात भद्राचलमच्या कागद कारखान्यानेही याच मार्गाने क्लोन तयार करून शेतकऱ्यांना दिले.

आता दुसरी बाजू. शत्रू कायमचे मागे राहत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत 1916 मध्येच निलगिरीची पानं कुरतडणारा ऑस्ट्रेलियन सोंडकिडा सापडला. 1926 मध्ये त्याच्या अंड्यांवर जगणारी चिमुकली गांधीलमाशी ऑस्ट्रेलियाहून आणून सोडावी लागली, तेव्हा तो आटोक्यात आला. 2000 च्या सुमारास पानांच्या देठांवर गाठी आणणारी आणखी एक सूक्ष्म गांधीलमाशी भूमध्य समुद्राच्या परिसरात दिसली. काही वर्षांतच ती आफ्रिका, आशिया, दक्षिण अमेरिका अशी पसरली. दक्षिण भारतातल्या लागवडींनाही तिने चांगलाच दणका दिला. सागाचंही तेच झालं. 1990 च्या दशकात हायब्लियाने मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या सागाच्या लागवडी गाठल्या.

तांबेऱ्याची कहाणी तर अंगावर काटा आणणारी आहे. पेरूचं पान चुरगाळून वास घ्या, मग निलगिरीचं घ्या. दोन्ही पानं भिंगाखाली उन्हासमोर धरली तर तेलाचे चमकते ठिपके दिसतील. पेरू, जांभूळ, लवंग आणि निलगिरी हे सगळे एकाच कुळातले, मर्टल कुळातले. पेरू दक्षिण अमेरिकेच्या बाजूचा, आणि त्याच्यावर पिवळ्या भुकटीचा एक तांबेरा पडतो. 1884 मध्ये ब्राझीलमधल्या पेरूवरून त्याची शास्त्रीय नोंद झाली. निलगिरी ब्राझीलमध्ये आली तेव्हा या बुरशीला दूरचा भाऊबंद दारात मिळाला आणि तिने त्याच्यावर उडी मारली. 1970 च्या दशकात एस्पिरितू सांतूच्या रोपवाटिकांत तिने मोठं नुकसान केलं. पुढे ती हवाई बेटांवर आणि 2010 मध्ये ऑस्ट्रेलियात पोहोचली. तिथे निलगिरीच्या शेकडो भाऊबंदांवर आता ती सापडते, आणि ऑस्ट्रेलियाच्या रानातल्या काही प्रजाती तिच्यामुळे नामशेष होण्याच्या काठावर आहेत. झाड एका खंडातून दुसऱ्या खंडात गेलं आणि काही दशकांनी दुसऱ्या खंडातला रोग पहिल्या खंडात शिरला.

आणि आता पाणी. दक्षिण आफ्रिकेच्या म्पुमलांगा प्रांतात मोकोबुलान नावाचं संशोधन क्षेत्र आहे. तिथे गवताळ पाणलोटात बारमाही वाहणारा ओढा होता. 1969 मध्ये त्या पाणलोटात निलगिरी लावली आणि ओढ्याचं पाणी मोजत राहिले. नवव्या वर्षी ओढा पूर्ण आटला. सोळा वर्षांची झाल्यावर झाडं तोडली. ओढा लगेच परत वाहील अशी अपेक्षा होती, पण तो पुन्हा बारमाही व्हायला आणखी पाच वर्षं गेली. मुळांनी खोलवरची साठवण उपसली होती; आधी ती भरून निघाली, मग ओढ्याला पाणी आलं. दक्षिण आफ्रिकेने 1998 च्या पाणी कायद्यात व्यापारी वनलागवड ही ओढ्या-नद्यांचा प्रवाह घटवणारी कृती आहे असं लिहून टाकलं आणि तिला परवान्याच्या चौकटीत आणलं.

कर्नाटकातही मोजमाप झालं. बंगळूरजवळ होसकोटे इथल्या शेतजमिनीवरच्या लागवडीत, अभ्यासाच्या तीन वर्षांत निलगिरीने पडलेल्या पावसापेक्षा जास्त पाणी वापरलं. उरलेलं तिने खोल मातीतून ओढलं होतं. पण त्याच अभ्यासमालेत, जिथे माती उथळ होती तिथे निलगिरीचा पाणीवापर शेजारच्या शुष्क पानझडी जंगलाइतकाच भरला. झाड तेच, जमीन वेगळी, म्हणून निकालही वेगळा. कर्नाटक सरकारने 2017 मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. पोर्तुगालमध्ये प्रश्न आगीचा आहे. तिथे जंगलाचा जवळपास चौथा हिस्सा निलगिरीने व्यापला आहे. जून 2017 मध्ये पेद्रोगाऊ ग्रांदी इथल्या पाइन आणि निलगिरीच्या रानात वणवा पेटला, साठाहून अधिक माणसं दगावली, आणि त्यानंतर तिथेही नव्या लागवडीला कायद्याने आवर घातला गेला.

म्हणून या झाडाला खलनायक ठरवून मोकळं व्हायचं का? ब्राझीलमधला एक अलीकडचा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. अटलांटिक किनाऱ्यालगतचं मूळचं घनदाट जंगल बव्हंशी नष्ट झालं आहे. ते पुन्हा उभं करायचं तर रोपं, मजुरी, तणनियंत्रण यांचा खर्च प्रचंड. साऊँ पावलू विद्यापीठाचे पेद्रू ब्रांकालियाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थानिक झाडांच्या मधे निलगिरीच्या ओळी लावल्या. पाचेक वर्षांनी निलगिरी तोडून विकली आणि जागा स्थानिक झाडांना मोकळी करून दिली. 2020 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. निलगिरीच्या लाकडातून जंगल उभारणीचा 44 ते 75 टक्के खर्च भरून निघाला आणि तिच्या खाली येणाऱ्या स्थानिक रोपांना फारशी बाधा झाली नाही. वेगाने वाढणारं परदेशी झाड काही वर्षं राबलं, आणि त्याच्या कमाईच्या मदतीने मूळचं रान परत येऊ लागलं.

महाराष्ट्राला परदेशी झाडांचा अनुभव नवा नाही. 1980 च्या दशकात नाशिक जिल्ह्यात विनायकदादा पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी निलगिरीची शेती केली, तिच्यासाठी सहकारी संस्था उभारली आणि झाड हेही पीक असू शकतं हे दाखवून दिलं. कोकण-गोव्याच्या जांभ्यावर ऑस्ट्रेलियन बाभूळ उभी आहे, माळावर मेक्सिकोकडची सुबाभूळ आहे, बांधावर मध्य अमेरिकेतून आलेलं गिरिपुष्प. यातल्या प्रत्येकाचं काही काम आहे आणि प्रत्येकाचा काही खर्च आहे.

मला स्वतःला या झाडांच्या वाढीचं कौतुक आहे आणि ते मी लपवणार नाही. एक कोवळा फुटवा सात वर्षांत आकाशात तीस मीटर वर आणि जमिनीतही खोलवर जातो, यापुढे मान तुकवावीशीच वाटते. पण त्या वेगासाठी लागणारं पाणी कुठून तरी येतं, आणि शत्रूंची गैरहजेरी ही काही दशकांचीच सवलत असते. झाड परकं आहे की आपलं, एवढ्यावरून त्याचा निवाडा करू नये. ते कुठल्या जमिनीवर, किती पावसात, कशाच्या बदली आणि किती वर्षांसाठी लावलं जातंय, यावरून करावा. सपाट शेताच्या कडेला चार ओळी लावल्या तर सरपण आणि इमारती लाकूड मिळेल. तीच झाडं ओढ्याच्या उगमावर किंवा जिवंत गवताळ माळावर लावली तर ओढा आणि माळ दोन्ही जातील.

पुढच्या पावसाळ्यात तुमच्या गावात, शाळेत किंवा टेकडीवर वृक्षारोपण होईल. हौसेने जा, खड्डे खणा, रोपं लावा. फक्त त्याआधी तीन प्रश्न विचारा: हे झाड कुठलं, ते इथलं किती पाणी पिणार आणि इथे आधी काय वाढत होतं? ज्या कार्यक्रमात या प्रश्नांची उत्तरं मिळतात, तिथलं रोप लावायला बिनधास्त हात लावा.